अबू सिंबेल पाहणार असल्यास अस्वानमधील फिलेचे मंदिर वगळले तर चालेल का?

वगळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अबू सिंबेल, म्हणजे इजिप्तच्या दक्षिण टोकाजवळची डोंगरात कोरलेली भव्य मंदिरे, पाहिल्यावर फिले म्हणजे ‘आणखी एक मंदिर’ वाटेल, त्यापेक्षा तो अर्धा दिवस अस्वानच्या बाजारात घालवावा, असे आपण प्रश्नात म्हटले आहे. केवळ भव्यता मोजायची, तर आपले म्हणणे रास्तच आहे. इसिस देवीचे हे मंदिर अबू सिंबेलपुढे आकाराने लहान आणि वयानेही बरेच धाकटे आहे. त्याचा बहुतेक भाग टॉलेमी या ग्रीक वंशाच्या राजांनी आणि त्यांच्यानंतर रोमन सम्राटांनी बांधवून घेतला. परंतु प्राचीन इजिप्तचा धर्म अगदी अखेरपर्यंत जिथे तग धरून राहिला, अशा मोजक्या ठिकाणांपैकी हे एक आहे आणि त्या अखेरच्या काळाच्या खुणा इथल्या भिंतींवर अगदी जवळून पाहता येतात.

त्यांतील सर्वांत मोलाची खूण रोमन सम्राट हेड्रियनच्या दरवाजात आहे. हा दरवाजा मुख्य मंदिराच्या पश्चिमेला, पाण्याच्या बाजूस आहे. मी गेलो तेव्हा प्रांगणात पाऊल ठेवायला जागा नव्हती आणि या दरवाजाकडे मात्र कोणी फिरकतही नव्हते, म्हणून वाटाड्याला आधीच सांगून ठेवावे. तिथे मंडुलिस या नूबियन, म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेकडील नूबिया प्रदेशातील, देवाची आकृती असून तिच्याशेजारी इसिसचा पुजारी एस्मेत-अखोम याने २४ ऑगस्ट ३९४ रोजी कोरलेला लेख आहे. काळ निश्चित ठाऊक असलेल्या चित्रलिपीतील लेखांपैकी हा शेवटचा मानला जातो. लक्सरजवळच्या कर्नाक मंदिराच्या रेखीव कोरीवकामानंतर याची चित्राक्षरे फारच ओबडधोबड वाटतात. लेख मात्र सदासर्वकाळासाठी असल्याचे त्या पुजाऱ्याने त्यातच नमूद केले आहे.

पुढे सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने इथली पूजा बंद पडली आणि खांबांच्या दालनात ख्रिस्ती प्रार्थना होऊ लागली. तिथल्या खांबांवर खोल कोरलेले क्रूस आजही आहेत आणि अनेक देवतांच्या आकृती छिन्नीने टोचून विद्रूप केलेल्या आहेत. पहिल्या पायलॉनच्या, म्हणजे गोपुरासारख्या जोडमनोऱ्यांच्या, मधल्या दरवाजातून जाताना भिंतीवर एक फ्रेंच लेखही दिसेल. त्या वेळी इजिप्तवर सत्ता गाजवणाऱ्या मामलुकांचा पाठलाग करत १७९९ मध्ये इथवर आलेल्या नेपोलियनच्या सैन्याचा तो आहे. पर्यटकांनी भिंतींवर नावे कोरल्याबद्दल आपण संतापतो, पण हे नाव शेजारच्या शिल्पांइतक्याच कौतुकाने दाखवले जाते, याची मला गंमत वाटली.

मंदिर मूळ जागी नाही, हा आक्षेप अनेक जण घेतात, पण तो अबू सिंबेललाही तितकाच लागू पडतो. १९०२ मध्ये अस्वानचे जुने धरण पूर्ण झाल्यावर फिले बेट वर्षातील बराच काळ पाण्याखाली जाऊ लागले. प्रवासी खांबांच्या मधून होडीने फिरत, आणि एकोणिसाव्या शतकातील प्रवाशांनी वाखाणलेले शिल्पांवरचे रंग पाण्याने धुऊन गेले. नंतर नवे उंच धरण बांधले गेले, तेव्हा युनेस्कोच्या मोहिमेत बेटाभोवती बांध घालून आतील पाणी उपसण्यात आले, मंदिराचे सुमारे ४० हजार दगड सुटे करण्यात आले आणि जवळच्या अगिल्किया बेटावर ते पुन्हा रचण्यात आले. १९८० मध्ये मंदिर तिथे खुले झाले. भिंतींवर आणि खांबांवर पाण्याच्या जुन्या पातळीचा गडद पट्टा अजून दिसतो.

आता वेळेविषयी. अबू सिंबेल अस्वानहून रस्त्याने सुमारे २८० किलोमीटर दूर असून तिकडच्या गाड्या पहाटेच निघतात, म्हणून त्याच दिवशी परतल्यावर थकलेल्या अंगाने फिले उरकण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जावे. शेल्लालच्या धक्क्यावरून मोटारबोटीने जावे लागते आणि बोटीचे भाडे प्रवेश-तिकिटात धरलेले नसते. ते ठरवताना जाणे, येणे आणि नावाड्याने तिकडे किती वेळ थांबायचे, हे तिन्ही आधी बोलून घ्यावे आणि पैसे परतल्यावरच द्यावेत. नुसता अर्धा-पाऊण तास ठरवणारे नावाडी भेटतात, तेवढ्यात हेड्रियनचा दरवाजा आणि रोमन सम्राट ट्राजनचा १४ खांबांचा मंडप या दोहोंना न्याय मिळत नाही. किमान दोन तास मागून घ्यावेत. रात्रीचा ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम मात्र खुशाल वगळावा, कारण त्या उजेडात भिंतींवरचे लेख वाचता येत नाहीत.