पायाला मुंग्या येतात, एमआरआयमध्ये डिस्क बल्ज (मणक्यांमधली गादी फुगलेली) आहे. तरी एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) असू शकतो का?

असू शकतो, पण आधी डिस्कचाच विचार करा, कारण ती कितीतरी जास्त आढळते. डिस्कखाली दबलेली नस ठणकते. कळ कंबरेतून एका पायात, बहुतेकदा गुडघ्याखाली उतरते; वाकलं, शिंकलं, खोकलं की वाढते.

एमएसमध्ये दुखण्यापेक्षा बधिरपणा आणि अशक्तपणा पुढे असतो. तो काही दिवसांत वाढतो, काही आठवडे टिकतो, मग कमी होतो. पूर्वी कधी एका डोळ्याला धुरकट दिसलं होतं का, डोळा हलवताना दुखत होता का, हे आठवून डॉक्टरांना सांगा. पेशंट ते हमखास विसरतात, कारण डोळ्याचा पायाशी संबंध जोडावा असं कुणाला सुचणार? आणखी एक खूण सोलापूरकरांच्या कामाची: अंग तापलं की एमएसची जुनी लक्षणं तात्पुरती उफाळतात. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात दृष्टी किंवा पाय मंदावत असतील आणि गारव्यात सुधारत असतील, तर तेही सांगा.

नुसत्या 'बल्ज' शब्दाने निकाल लागत नाही. काहीही न दुखणाऱ्यांच्या एमआरआयमध्येही तो दिसतो. शिवाय मज्जारज्जू कंबरेच्या वरच्या भागातच संपतो, त्यामुळे फक्त कंबरेच्या एमआरआयवरून एमएस नाही असं म्हणता येत नाही. न्यूरॉलॉजिस्ट गरज वाटल्यास मेंदू आणि मानेचा एमआरआय सांगतील. बी १२ जीवनसत्त्व मात्र तपासाच, कारण ते कमी पडलं तरी मुंग्या येतात; शाकाहारी असाल तर आधी.

लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली किंवा पायातला जोर झपाट्याने जाऊ लागला, तर ओपीडीची वाट पाहू नका. त्याच दिवशी इमर्जन्सीत जा.