बीसी५४७ ट्रान्झिस्टरने ऑडिओ सिग्नल म्यूट (बंद) केला की 'टप्' आवाज का येतो?

ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात: कलेक्टर, एमिटर आणि त्याला चालू-बंद करणारा बेस. तुम्ही कलेक्टर ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरनंतर ऑडिओ लाइनला आणि एमिटर ग्राउंडला जोडला आहे, म्हणजे ट्रान्झिस्टर चालू झाला की सिग्नल ग्राउंडला जातो. म्यूट करताना 'टप्' होतं आणि एरवी आवाज फाटतो, ही दोन वेगळी दुखणी आहेत.

'टप्' आधी बघू. ट्रान्झिस्टर पूर्ण सॅच्युरेट झाला (पुरता चालू झाला) तरी त्याच्यावर काही मिलिव्होल्ट उरतात, आणि तोच डीसीचा धक्का ऐकू येतो. कलेक्टर-एमिटर अदलाबदल करून जोडा, हा उरलेला व्होल्टेज (ऑफसेट) बराच कमी होतो. मात्र उलट्या जोडणीत गेन (बेसचा करंट किती पट वाढतो ते) अगदी कमी असतो, म्हणून बेसला १ मिलिअँपिअर तरी द्या.

फाटण्याचं कारण वेगळं. बंद असताना बेस शून्यावर असेल, तर सिग्नल उणे अर्ध्या व्होल्टाखाली जाताच ट्रान्झिस्टरच्या आतला जोड (जंक्शन) चालू होतो. म्हणून बंद असताना बेस उणे ३ व्होल्टला ओढा. त्याहून फार खाली नको, कारण बेस-एमिटर ६ व्होल्टच उलटे सोसतो आणि सिग्नलचं शिखर त्यातच धरायचं आहे.

खरं तर या कामासाठी २एससी२८७८ हा ट्रान्झिस्टर बनलाय: उलटा गेन भरपूर, एमिटर-बेस २५ व्होल्ट सोसतो. बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) नाही मिळाला तर जुन्या कॅसेट डेकच्या बोर्डावर शोधा.