सातबाऱ्यावर नाव नाही, त्यांची यादी आधी

प्रिय बाळ,

परवा फोनवर तू विचारलंस, "मावशी, पुरानंतरचे कीट वाटून संपले, आता गावाला कामधंदा कुठला काढून द्यायचा?" तुझ्यामागं बायांचा गलका चालला होता, बोलणं अर्धंच राहिलं. म्हणून हे पत्र.

धंदा कुठला हे ठरवायच्या आधी एक वही घे आणि घरोघर जा. "तुम्हाला काय हवं?" असं मात्र विचारू नकोस. तसं विचारलं की माणसं तुझ्या गळ्यातलं संस्थेचं ओळखपत्र बघतात आणि तू देऊ शकशील तेच मागतात. शिलाई मशीन म्हणतील, पापडाचं यंत्र म्हणतील. तू विचार, "पाणी यायच्या आधीच्या आठवड्यात घरात पैसा कुठून आला होता?" मग बघ, माणूस कसं बोलायला लागतं.

तुमचा भाग दुधाचा आणि खव्याचा. एका घरची म्हैस सीना नदीच्या पाण्यात गेली. पंचनाम्यात लिहिलं, दुधाळ जनावर एक. त्याचे नियमानं 37,500 रुपये. बाजारात चांगली म्हैस लाखाच्या आत हाताला लागत नाही ते बाजूला ठेव. पण त्या म्हशीवर आणखी कोण जगत होतं? वैरण कापून डोक्यावर आणून देणारी विधवा. दूध गोळा करून भट्टीवर नेणारा पोरगा. कढईपुढं तासन्‌तास उभा राहून दूध घोटणारा गडी. भट्टीला लाकूड पुरवणारा. खव्याच्या पाट्या गाडीत चढवणारा. पाच लिटर दुधाचा जेमतेम किलोभर खवा होतो, त्या किलोभरात एवढ्या जणांची भाकरी. त्यांचं घर कदाचित ओलंसुद्धा झालं नाही. म्हणून ते कुठल्याच यादीत नाहीत. आणि दिवाळीआधी सगळ्यात पहिल्यांदा गाव सोडणार ते हेच.

मला तुला मुख्य सांगायचं आहे ते हेच. ज्याच्या नावावर सातबारा नाही, गोठा नाही, दुकान नाही, त्याचं गेलेलं मोजायला सरकारकडं रकाना नाही. तो रकाना तुझ्या वहीत असला पाहिजे. त्या यादीवरूनच कामं ठरव.

आता 1993 च्या भूकंपाचं सांगते. किल्लारीपासून पाच-सहा कोसांवर आमचं गाव. 30 सप्टेंबरची पहाट, चारला चार-पाच मिनिटं कमी. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. ते सगळं पुन्हा लिहवत नाही. नंतरचं मात्र तुझ्या कामाचं आहे. 52 गावं उठवून नव्या जागी वसवली. तिथली बरीचशी बांधकामं बाहेरच्या ठेकेदारांनी केली, त्यांच्या टोळ्या आल्या, घरं उभी राहिली, टोळ्या गेल्या आणि मजुरीचा पैसाही त्यांच्याबरोबर गेला. आमच्यासारख्या गावांत घरं पडली नव्हती, फाटली होती. तिथं दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम आला. तेरा जिल्ह्यांत मिळून दोन लाखांच्या आसपास घरं. पैसा घरमालकाच्या खात्यात हप्त्याहप्त्यानं, आणि काम करून घ्यायचं त्यानंच. गावोगावच्या महिला मंडळांतून संवाद सहायक नेमल्या. त्यात मी एक.

आमच्या भिंती दोन हात जाड. बाहेरून दगड, आतून दगड, मध्ये माती आणि चिपा. दोन्ही बाजू बांधणारा आरपार दगडच नसायचा, म्हणून हादरा बसला की भिंतीचे दोन पापुद्रे सुटायचे आणि वरचं माळवद खाली यायचं. इंजिनिअर साहेबांनी दाखवलं, भिंतीला आरपार भोक पाडायचं, त्यात सळई ठेवून काँक्रीट भरायचं. दोन पापुद्र्यांना टाका घातल्यासारखं. मी ते आमच्या गवंड्यांच्या शेजारी उभी राहून शिकले. भोक पाडताना आतला दगड हलला की गवंडी थांबायचा, तळहात भिंतीवर ठेवायचा, अंदाज घ्यायचा आणि मग जागा बदलायचा. आमच्या गावचे तीन गवंडी त्या दोन वर्षांत असे तयार झाले की पुढं तालुकाभर त्यांना बोलावणी यायला लागली. त्यांच्या हाताखालच्या बायांना रोज मिळाला. दुरुस्तीचा पैसा गावातच फिरला, किराणा दुकानात गेला, शाळेच्या वहीत गेला. तुझ्या गावात पडलेली घरं, वाहून गेलेले गोठे, ढासळलेल्या विहिरी आता बांधायच्याच आहेत. त्या कोण बांधणार? हा प्रश्न ग्रामसभेत तू उभी राहून विचार. गवंडी, सुतार, वायरमन, गावात किती आहेत? एकेकाच्या हाताखाली दोन पोरं शिकायला लाव.

मोटारींचंही तसंच. नदीकाठच्या सगळ्या विहिरींच्या मोटारी पाण्याखाली होत्या. आता रब्बीच्या पेरणीला त्यांच्या तारा नव्यानं भरून घ्यायला तालुक्याच्या दुकानात रांग लागली असेल. त्या दुकानदारालाही हात कमी पडत असणार. गावातली दोन हुशार पोरं तीन महिने त्याच्याकडं ठेव, त्यांच्या जेवणाखाण्याचा खर्च संस्थेनं उचलावा. मशीन वाटण्यापेक्षा हे स्वस्त आहे आणि पुढच्या उन्हाळ्यातही चालतं.

शेतीचं थोडक्यात लिहिते, ते तुला माहीत आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये सरकारनं खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार रोख आणि रोजगार हमीतून 3 लाखांपर्यंत जाहीर केलं. रोख शेतकऱ्याचं. पण रोजगार हमीच्या भागात भूमिहीनाची मजुरी आहे, तिकडं डोळ्यात तेल घालून बघ. माती ओढायला यंत्र लागेल तिथं लागू दे. बांध घालणं, दगड वेचणं, विहिरीतला गाळ काढणं ही हातांची कामं हातांनाच मिळाली पाहिजेत. मागणी लेखी दे, तारखेची पोच घे. काम मागितल्यापासून 15 दिवसांत मिळालं नाही तर बेरोजगार भत्ता मागता येतो, पण ती तारीख कागदावर असली तरच. अनेकांची जॉबकार्डं आणि पासबुकं वाहून गेली असतील, ते काम पहिल्या आठवड्यात उरक. मजुरी जमा व्हायला उशीर होतो, तेवढे दिवस घर कशावर चालणार? बचत गटांच्या ग्रामसंघाकडं अडीनडीचा पैसा, जोखीम प्रवणता निधी, असतो तो याच दिवसांसाठी. कपाटात ठेवून काय करायचा?

माझी माय 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. मी दहा वर्षांची, धाकट्याला कडेवर घेऊन तिच्याबरोबर. तिच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या असायच्या. नंतर तिला पाझर तलावाच्या कामावर घेतलं. खडीचा ढीग रस्त्याकडेला पडून राहिला, तलावाच्या खालच्या विहिरींना मात्र अजून पाणी आहे. कामाची यादी करताना माझ्या डोळ्यांपुढं कायम तो तलाव असतो.

एक चूक आमच्या हातून झाली ती लिहिते. भूकंपानंतर काही वर्षांनी बायांना शेळ्या द्यायच्या ठरलं. निधी महिनाअखेर संपवायचा होता. आम्ही एकाच बाजारात चाळीस शेळ्या घेतल्या. व्यापाऱ्यांना आधीच कुणकुण लागली होती, भाव चढला. वेगवेगळ्या कळपांतली जनावरं एकत्र आली, लस टोचलेली नव्हती, आठ दिवसांत नाकातोंडातून पाणी आणि हगवण. निम्म्या गेल्या. त्यातली एक बाई मेलेल्या शेळीचा दोर हातात धरून माझ्या दारात बसली होती, काही बोलली नाही. तेव्हा तू उस्मानाबादी शेळी जरूर दे, आपल्या मातीतली आहे, जुळी देते, भूमिहीनाला पेलते. पण पाच-पाच करून घे, बायांना स्वतःला बाजारात ने, आधी पीपीआर या शेळ्यांच्या साथीच्या रोगाची लस, आणि त्याच्याही आधी चारा. कडबा भिजून काळा पडला असेल तर जनावर देणं म्हणजे त्या घरावर आणखी एक तोंड लादणं.

शेवटी वेळेचं. ऊसतोडीचा मुकादम उचल घेऊन गावात आला असेल, नसेल तर चार दिवसांत येईल. पुरात सगळं गेलेल्या जोडप्याला पन्नास हजार रोख दिसले की ते अंगठा देतं, आणि मग कोयत्याबरोबर लेकरंही फडावर जातात. त्यांना "जाऊ नका" म्हणायचा हक्क आपल्याला नाही. हातात काम असेल तर म्हणता येईल. म्हणून मोठा प्रकल्प अहवाल लिहीत बसू नकोस. आधी तीस घरांची यादी कर, ज्यांची बोलणी चालू आहेत त्यांच्यापासून सुरुवात कर. जी माणसं जातीलच, त्यांची लेकरं गावात कुणाकडं राहतील तेही त्याच वहीत लिही. हंगामी वसतिगृहासाठी मुख्याध्यापकांना आत्ताच भेट.

मी रविवारी सकाळच्या गाडीनं परंड्याला येते. यादी अर्धी असली तरी चालेल. गवंड्यांची नावं वेगळ्या पानावर लिहून ठेव. आणि वैरण आणून देणाऱ्या बाईचं घर दाखव, मला आधी तिच्याकडं जायचं आहे.

तुझी,
मावशी