वायोमिंगमधील एल्कची हिवाळी चारास्थळे : बंद करण्याचा अधिकार नेमका कोणाचा?

आपण विचारले आहे की अमेरिकेतील वायोमिंग राज्यात सरकार स्वतःच रानातल्या एल्क हरणांना हिवाळाभर चारा घालते आणि त्यातून रोग पसरतो हे सरकारी जीवशास्त्रज्ञही मान्य करतात, तर मग एका आदेशाने ही चारास्थळे बंद का होत नाहीत. याचे उत्तर असे की तसा आदेश काढू शकेल असे एकच कार्यालय तेथे नाही. वन्यप्राणी कायद्याने राज्याच्या मालकीचे आहेत, अनेक चारास्थळांची जमीन केंद्र सरकारची आहे, आणि कळप खाली उतरले तर झळ बसते ती गुरे पाळणाऱ्या रँचवाल्यांना.

एल्क हे आपल्या सांबराच्याच कुळातले, पण त्याहून मोठे हरीण. बर्फ पडू लागला की त्यांचे कळप डोंगरावरून खालच्या खोऱ्यांत उतरत असत. वायोमिंगमधील जॅक्सन होल या खोऱ्यात वस्ती, कुंपणे आणि गवताची शेते आली तशी ही हिवाळी कुरणे तुटत गेली. 1910 च्या आसपासच्या कडक हिवाळ्यांत हजारो एल्क उपासमारीने मेले, उरलेल्यांनी रँचवाल्यांच्या गवताच्या गंजी फस्त केल्या, आणि 1912 मध्ये तेथील जॅक्सन गावाच्या वेशीवर राष्ट्रीय एल्क आश्रयस्थान स्थापन झाले. सुमारे 25,000 एकरांचे हे आश्रयस्थान केंद्राची मत्स्य व वन्यजीव सेवा चालवते आणि तेथे लसूणघासाच्या गोळ्या टाकल्या जातात. याशिवाय राज्याचा शिकार व मत्स्य विभाग पश्चिम वायोमिंगमध्ये वीसहून अधिक चारास्थळे चालवतो, जेथे बर्फावरून घोड्यांच्या घसरगाडीने वाळले गवत पसरले जाते. या दोन व्यवस्थांचे नियम वेगळे आहेत, आणि बातम्यांतला बराचसा गोंधळ त्यांना एकच समजल्यामुळे होतो.

राज्याच्या चारास्थळांचा मुख्य हेतू एल्कना गुरांपासून दूर ठेवणे हा आहे, कारण ब्रुसेलोसिस, म्हणजे आपल्याकडील पशुपालकांना परिचित असलेला सांसर्गिक गर्भपात. बाधित मादी हिवाळ्याच्या अखेरीस किंवा वसंतात गाभडते आणि पडलेला गर्भ व वार हुंगणाऱ्या, चाटणाऱ्या इतर जनावरांना लागण होते. हा रोग मुळात युरोपातून आलेल्या गुरांबरोबर अमेरिकेत आला. आता तो एल्कमध्ये टिकून आहे, आणि टिकण्याचे एक मोठे कारण म्हणजे शेकडो जनावरे एकाच पट्ट्यात दाटीने चरणे. थोडक्यात, चारास्थळ गुरांना वाचवते आणि रोगाला एल्कमध्ये जिवंत ठेवते. यावर तोडगा म्हणून गवत विरळ, लांबवर पसरणे आणि शक्य तेथे चारा लवकर थांबवणे असे उपाय विभागाने अवलंबले, आणि ते ब्रुसेलोसिसपुरते समंजस आहेत.

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या प्रायॉनजन्य, म्हणजे विकृत प्रथिनांमुळे होणाऱ्या, मेंदूच्या रोगाने मात्र हे गणित मोडले. त्यावर लस नाही, उपचार नाही, बाधित जनावर दगावतेच. शिवाय लाळ, मूत्र, विष्ठा आणि शवांतून बाहेर पडलेले प्रायॉन मातीत वर्षानुवर्षे संसर्गक्षम राहतात, त्यामुळे दरवर्षी त्याच जागी चारा टाकणे म्हणजे ती जागाच दूषित करत जाणे होय. जॅक्सनच्या एल्क कळपात हा रोग प्रथम 2020 च्या डिसेंबरमध्ये आढळला, आणि 2024-25 च्या हिवाळ्यात तो स्कॅब क्रीकसह राज्याच्या काही चारास्थळांवर पोहोचला. माझ्या मते ‘अजून थोडे थांबून पाहू’ या युक्तिवादाला त्या हिवाळ्यानंतर आधार उरलेला नाही.

आता अधिकारांकडे वळू. आश्रयस्थानाविषयी 2011 मध्ये वॉशिंग्टनच्या संघीय अपील न्यायालयाने असे म्हटले की चारा असाच अमर्याद चालू ठेवणे आश्रयस्थानाच्या मूळ उद्देशाला बाधक आहे, पण बंद करण्याची तारीख ठरवून देण्यास नकार दिला. त्यानंतर 2019 मध्ये चारा हळूहळू कमी करण्याची योजना आली, जिचा गाभा असा की चारा उशिरा सुरू करावा, म्हणजे नव्या पिढीला त्याची सवय लागणार नाही. राज्याच्या बाजूने 2021 मध्ये विधिमंडळाने कायदा करून चारास्थळ कायमचे बंद करण्याचा निर्णय राज्यपालांकडे दिला आणि त्या प्रक्रियेत पशुधन मंडळालाही स्थान दिले. 2024 मध्ये शिकार व मत्स्य आयोगाने नवा व्यवस्थापन आराखडा मंजूर केला खरा, पण तो प्रत्येक कळपासाठी पुढे वेगळी योजना करण्यावर भर देतो. बंदीचे वेळापत्रक त्यात नाही.

खरी किल्ली म्हणून माझे लक्ष केंद्राच्या जंगलांचा कारभार पाहणाऱ्या वन सेवेच्या परवान्यांकडे जाते. ब्रिजर-टेटन राष्ट्रीय वनातील चारास्थळे वन सेवेच्या विशेष परवान्यावर चालतात, आणि तो देताना पर्यावरणीय परिणाम तपासणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यांपैकी अल्कली क्रीक या चारास्थळाच्या बाबतीत ही तपासणी अपुरी होती म्हणून 2018 मध्ये संघीय न्यायाधीशांनी वन सेवेविरुद्ध निकाल दिला. राज्यपालांनी काहीही ठरवले तरी जमिनीचा परवाना नसेल तर तेथे चारा टाकता येत नाही.

तरीही भर हिवाळ्यात अचानक बंदी घालावी असे मी म्हणणार नाही, कारण चाऱ्याला सवयलेले कळप त्याच वर्षी उपाशी मरतील किंवा थेट गुरांच्या गोठणात शिरतील. ज्या चारास्थळांजवळ मोकळे हिवाळी कुरण आहे आणि गुरे लांब आहेत, ती आधी घ्यावीत. खालच्या रँचवर गंजींभोवती उंच कुंपणे सरकारी खर्चाने घालावीत. नुकसानभरपाई वेळेत द्यावी. यात एल्कची संख्या घटेल आणि शिकारीवर पोट असलेल्या वाटाड्यांचे उत्पन्नही कमी होईल, हे आरंभीच उघडपणे सांगावे लागेल. आपल्याला हा विषय पुढे पाहायचा असेल तर विधानांपेक्षा वन सेवेच्या प्रत्येक परवान्याची मुदत आणि त्यातल्या अटी वाचाव्यात, विशेषतः चारा कोणत्या तारखेला थांबवायचा आणि त्या जागी रोग आढळल्यास परवान्याचे काय होणार, या दोन अटी.