आधी चित्राची फाइल मागव

अनेक आशीर्वाद.

तुझा प्रबंधाचा प्रस्ताव वाचला. अमेरिकन कलासंग्रहाकडे नव्या नजरेने पाहायचं म्हणतेस, पण एवढ्या पानांत एकाही चित्राजवळ तू थांबलेली दिसत नाहीस. सिद्धांतांची यादी मात्र भरघोस. ती तूर्त बाजूला ठेव.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधलं 'बेलिझेर अँड द फ्रे चिल्ड्रन' बघ. साधारण १८३७ चं, न्यू ऑर्लिन्समधलं. झाक अमान्सने काढलं असावं असं मानतात. पुढे फ्रे या व्यापारी घरातली तीन गोरी मुलं. मागे झाडाला टेकून, हाताची घडी घालून पंधरा वर्षांचा बेलिझेर. अंगात चांगला कोट, पण मुलगा त्या घरचा गुलाम. १९०० च्या सुमारास कुणीतरी त्याच्यावर रंग फासून त्याला चित्रातून घालवून दिलं. १९७२ पासून चित्र न्यू ऑर्लिन्सच्या संग्रहालयाच्या गोदामात पडून होतं. २००५ मध्ये ते लिलावात विकलं गेलं, त्यानंतरच्या सफाईत मुलगा पुन्हा दिसू लागला आणि २०२३ मध्ये मेटने ते घेतलं.

रंग खरवडून चेहरा मिळाला. नाव मात्र कागदांनी दिलं. न्यू ऑर्लिन्स ज्या लुइझियाना राज्यात आहे, तिथे गुलामांचे व्यवहार घर-जमिनीसारखे नोटरीपुढे व्हायचे. त्या दस्तांमुळेच कळलं की फ्रेने त्याला आईसकट विकत घेतलं तेव्हा तो सहा वर्षांचा होता, आणि १८५६ मध्ये तो एव्हरग्रीन या उसाच्या मळ्याला विकला गेला. जुना फेरफार शोधायला तलाठ्याकडे खेटे घालावेत, तसलं हे काम. त्याची तयारी ठेव. आणि एक पथ्य पाळ: त्याला नेमकं कुणी पुसलं, का पुसलं, याचा दस्त हाती नसताना ठाम विधान ठोकून मोकळी होऊ नकोस. शक्यता लिही, पण शक्यता म्हणूनच.

सगळी चित्रं इतकी मदत करत नाहीत. मेटमधलंच चित्रकार बीअरश्टाटचं 'द रॉकी माउंटन्स, लँडर्स पीक' घे. तीन मीटर रुंद कॅनव्हास, सगळ्यांची नजर शिखरावर जाते. तू खाली, शोशोनी या मूळनिवासी जमातीच्या तळाकडे बघ. चित्रकार तिकडे गेला १८५९ मध्ये, फ्रेडरिक लँडरच्या सरकारी रस्ता-मोहिमेबरोबर. चित्र १८६३ चं. त्याच जानेवारीत अमेरिकी लष्कराने बेअर नदीकाठी शोशोनींची कत्तल केली. मात्र ते शोशोनी दुसऱ्या गटातले होते, म्हणून दोन्ही गोष्टींची सरळ मोट बांधू नकोस. शिखराला लँडरचं नाव दिलं ते खुद्द चित्रकाराने, याकडे मात्र जरूर लक्ष दे. मला तर तुझा प्रबंध इथेच दिसतो.

तीनच चित्रं निवड. प्रत्येकाची मालकी कुणाकडून कुणाकडे गेली ते काढ, कॅनव्हासच्या मागच्या बाजूचे फोटो माग. संग्रहालयाच्या रजिस्ट्रारला, म्हणजे चित्रांच्या नोंदी सांभाळणाऱ्याला, फाइलींसाठी आजच लेखी विनंती पाठव. फाइली ऐनवेळी मिळत नाहीत.

कळावे.