तळाला राहूनही फिट्झरॉय क्लब १९१६ चा विजेता कसा ठरला?

हो, खरंच घडलंय हे. पहिल्या महायुद्धामुळे खेळाडू आघाडीवर गेले, आणि 'लोक मरत असताना खेळ कसले?' असा वादही पेटला. त्यामुळे १९१६ साली मेलबर्नच्या व्हीएफएल या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या (सॉकर नव्हे) लीगमध्ये चारच क्लब उतरले: कार्लटन, कॉलिंगवुड, रिचमंड आणि फिट्झरॉय. साखळीत फिट्झरॉयने १२ पैकी फक्त २ सामने जिंकले, १ बरोबरीत सुटला. म्हणजे शेवटचा नंबर! पण अंतिम फेऱ्यांत चार संघ घ्यायचे आणि संघच मुळात चार. त्यामुळे शेवटच्यालाही आपोआप प्रवेश. मग या पठ्ठ्यांनी आधी कॉलिंगवुडला हरवलं, नंतर कार्लटनला दोनदा. अंतिम सामना ८५-५६. नियमाची कृपा म्हणा हवं तर, पण ते तीन सामने त्यांनी मैदानावरच जिंकले.