‘सँक्शन’चा खरा अर्थ कोणता, मंजुरी की निर्बंध?

दोन्ही. पण ‘खरा अर्थ कोणता’ असं विचारून तुम्ही माझ्या जुन्या दुखण्यावरच बोट ठेवलंत.

भाषांतराच्या कामात मी नवीन होतो. एका चौकशी समितीचा इंग्रजी अहवाल मराठीत करायचा होता. त्यात वाक्य होतं, ‘द कमिटी सँक्शन्ड हिम फॉर हिज कॉन्डक्ट.’ मी लिहिलं, ‘वर्तनाबद्दल समितीने त्याच्यावर कारवाई केली.’ तपासणाऱ्या साहेबांनी त्यावर लाल रेघ ओढली आणि वर लिहिलं, ‘समितीने त्याच्या वर्तनास मान्यता दिली.’ लगेच पुढच्या ओळीत त्या माणसाच्या दोन वेतनवाढी रोखल्या होत्या! मी म्हटलं, “साहेब, वेतनवाढ रोखून मान्यता कोण देतं?” तर म्हणे, “रजा सँक्शन होते, लोन सँक्शन होतं. बावीस वर्षं हेच करतोय.” शब्दकोश उघडून पुढे ठेवला, तर त्यातच बोट ठेवून म्हणाले, “हा बघ पहिला अर्थ.” तसंच छापलं गेलं. बोंब झाली तेव्हा अनुवादक म्हणून नाव माझं.

कोशातला पहिला अर्थ तोच मुख्य, हा निव्वळ गैरसमज आहे. ऑक्सफर्डचा मोठा कोश अर्थ जुन्याकडून नव्याकडे लावतो, म्हणजे तिथे पहिला तो सगळ्यात जुना. सँक्शनचं मूळ लॅटिन ‘सान्किरे’, पवित्र किंवा अभंग ठरवणं. ‘सेंट’ म्हणजे संत, हा शब्दही त्याच घरातला. इंग्रजीत त्याचा जुना अर्थ कायदा, फर्मान. मुलींनाही गादी मिळावी म्हणून पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट सहाव्या चार्ल्सने १७१३ साली काढलेलं फर्मान ‘प्रॅग्मॅटिक सँक्शन’ म्हणूनच ओळखलं जातं. कायदा म्हटला की त्याची मान्यता आली आणि मोडणाऱ्याला शिक्षाही आली, तिथून हे दोन अर्थ फुटले. १९३५मध्ये इटलीने ॲबिसिनियावर (आजच्या इथिओपियावर) हल्ला केल्यावर राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्सने) लादली तीही सँक्शन्सच.

ओळखायचं कसं, तर क्रियापदाचं कर्म बघा. रजा, खर्च, योजना असेल तर मंजुरी. माणूस, देश, कंपनी असेल तर बडगा. अनेकवचनात ‘सँक्शन्स’ दिसलं की बहुतेक वेळा निर्बंधच. हां, बातम्यांत ‘सँक्शन्ड ऑइल’ येतं तेव्हा तेल वस्तू असूनही अर्थ निर्बंधाचा असतो. तेव्हा माझ्या नियमावरही डोळे मिटून विसंबू नका, पुढची एक ओळ तरी वाचा. साहेबांनी तेवढंही केलं नव्हतं.

आणि तुमचा हा वाद ऑफिसातला असेल तर तोंडी घालत बसू नका. दुरुस्ती सुचवणाऱ्याकडून ती त्याच्याच अक्षरात, सहीनिशी घ्या. लाल रेघेचं ते पान मी छपाईनंतर रद्दीत टाकलं होतं.